बोगद्यापाशी दोन हॉर्न

३ मार्च
दोन हॉर्न! रेल्वेखालच्या बोगद्यात शिरायच्या आधी एक हॉर्न सगळेच वाजवतात — वाजवावाच लागतो, आत एकाच गाडीपुरती जागा. पण आमच्या ह्यांचे दोन. बाजारातून येताना मी स्वतः ऐकले. दुसऱ्या हॉर्नला तिथली शिवणवाली दारातून बाहेर आली आणि पिवळी ओढणी हलवली! ह्यांची शाळेची व्हॅन पोरांनी भरलेली, त्यांच्यादेखत!

४ मार्च
विचारलं. "सवय झालीय गं," म्हणाले. कसली सवय, ते सांगितलं नाही. भाजीत मीठ जास्त पडलं. पडू दे.

७ मार्च
आज शहरातून माणसं आली होती बोगद्याचे फोटो काढायला. शंभरी उलटलेलं काँक्रीट म्हणे! ओतताना लावलेल्या फळ्यांचे ठसे भिंतीवर अजून तसेच. म्हणून रुंद करायचा नाही, हात लावायचा नाही. शिवणवाली त्यांना हसून हसून पाणी देत होती. घर बोगद्याच्या तोंडाशी असलं की सगळं जग दारावरून जातं. माझ्या दारावरून कोण जाणार — पोस्टमन?

तिची कंबर अजून बारीक आहे. असू दे मेली.

१० मार्च
दिवेलागणीला पिवळी साडी नेसून घराच्या फाटकाशी उभी राहिले. हे शेजारून गेले. बघितलंसुद्धा नाही! अंगाची लाही लाही झाली.

११ मार्च
गेलेच तिच्याकडे. ब्लाउजचं निमित्त. माप घेत होती तेव्हा म्हटलं, "आमच्या ह्यांना रोज कसल्या खुणा करतेस गं?"

तिने टेप खाली ठेवली. "ताई, त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

उन्हातून बोगद्याच्या अंधारात शिरलं की ह्यांना काही म्हणजे काही दिसत नाही. दुसरा हॉर्न ऐकला की ती आत डोकावते, रस्ता मोकळा असला की ओढणी हलवते. "एकदा व्हॅन भिंतीला घासली, तेव्हा मी तिथेच होते. कुणाला बोलू नका म्हणाले. नोकरी जाईल ना."

व्हॅनमध्ये पोरं असतात! आणि तरी घरी येईपर्यंत एकच डाचत होतं — तिला माहीत. मला नाही.

१२ मार्च
सकाळी व्हॅनची किल्ली लपवली. हे शोधायला लागले. "तिलाच विचारा," अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "शाळेत फोन केलाय मी. सगळं सांगितलंय."

ते मटकन खाली बसले. रडले.

माझ्याजवळ रडले.