मुक्या पाहुण्याची बायको

३ नोव्हेंबर

आजही बोलला नाही. भाजीत मीठ नव्हतं — मी मुद्दाम टाकलं नव्हतं! — तर चमच्याने डबा वाजवून दाखवला, मग चिमटीने मीठ टाकायची खूण, वर भुवया. सासूबाई हसल्या. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. माझं नव्हे, नवऱ्याचं, प्रसेनजितचं.

४ नोव्हेंबर

डोणगावच्या बाजारात पोरं मागे लागली. "मुका पाहुणा आला बे! मुका पाहुणा!" नवऱ्याचं नावच पडलंय ते. पाहुणा म्हणून कुणाच्याही घरात शिरायचं, खुर्ची मोडायची, यजमानाचं ताट उपडं करायचं आणि शब्द बोलायचा नाही. तीन वर्षं मोबाइलवरच्या रीलमध्ये हेच चाललंय. केरळातून बघतात, ओडिशातून बघतात. भाषाच नाही, मग अडचण कुठली?

अडचण मला आहे. लग्नात हा माणूस माईक सोडत नव्हता! अख्खं वऱ्हाड पोट धरून हसलं होतं. मग पुण्याला गेला, कसल्याशा विनोदी कार्यक्रमाच्या निवडीला. "मी लोकायले हसवाले आलो" म्हणाला, तर तिथले लोक विनोदाला नाही, त्याच्या बोलण्यालाच हसले. एकाने तोंडावर नक्कल केली. परत आला तो तोंडाला कुलूप लावून. लोकांना ती कला वाटते. कसली कला, लाज आहे ती!

७ नोव्हेंबर

शूटिंग. मोबाइल मीच धरते, नंतर आवाजही मीच काढून टाकते. म्हणून शूटिंग चालू असताना वाट्टेल ते बोलून घेते. एरवी अहो-जाहो, मोबाइल चालू झाला की अरे-तुरे.

"पड बे, नीट पड! तुह्या बापानं घर बांधलं, तू पाडून ठेव. तोंड काय उघडतं, माशी जाईन!"

तो चिडतो, बिचकतो, गांगरतो. लोक त्याच चेहऱ्यावर फिदा आहेत. सासूबाई दारातून म्हणाल्या, "नवऱ्याले असं बोलते काय वं?" मी म्हटलं, "आवाज काढून टाकते ना, आई." त्यांना पटलं नाही. न पटो.

१० नोव्हेंबर

पुण्याच्या एका कंपनीचा फोन. मूकपट काढायचाय, दोन तासांचा, आणि नायक हा! बोलले मीच, कारण हा बोलेना. अट अशी की सिनेमा येईपर्यंत याचा आवाज कुठेही ऐकू येता कामा नये. बाजारात नाही, लग्नकार्यात नाही, फोनवर नाही. पाहुण्याचं गूढ राहिलं पाहिजे म्हणे.

याने मान डोलावली. मला विचारलंसुद्धा नाही!

"म्हंजे आता माह्यासंगही कधीच बोलणार नाही तुम्ही?"

टोपी काढून कमरेत वाकला. तोच, लोकांना हसवायचा नमस्कार. मी भाताचा गंज उचलून फेकून मारला. लागला नाही, दुर्दैव.

११ नोव्हेंबर

ठरलं. करारावर त्याची सही झाली की मी साखरखेर्ड्याला, माहेरी. भांडायलासुद्धा समोरून आवाज लागतो.

१३ नोव्हेंबर

सहीच्या आधीचं शेवटचं शूटिंग. मोबाइल चालू केला आणि मनात होतं नव्हतं ते सगळं काढलं. "पुण्यातले चार टिकोजीराव हसले तं तू जीभ गिळली? माह्या माय-बापानं बोलणारा जावई पाह्यला होता, बुजगावणं नाही! मले 'सारिका' म्हनून कोन हाक मारन बे या घरात? सांग ना! काऊन गप्प हाय?"

तो टेबलावरून पडला. लवकर उठला नाही. मला वाटलं लागलं. मग वाटलं, लागू दे. तशीच रील टाकून दिली आणि भाकरी थापायला बसले.

१४ नोव्हेंबर

आवाज काढायचा राहिला!!

सगळं गेलं लोकांपर्यंत. तू-बे, टिकोजीराव, सगळं. सकाळपासून फोन थांबत नाही. आजवर कुठलीच रील एवढी पाहिली गेली नव्हती. "वहिनी, अजून एक शिवी!" "आमच्या घरचीच बोली, जीव थंड झाला!" पुण्यातलेही लिहितात.

तो दिवसभर कोपऱ्यात बसून तेच ऐकत होता, मोबाइल कानाला लावून. चेहऱ्यावर काही नाही. मला भीती वाटली. सासूबाई म्हणाल्या, "खाल्लं तू पोराचं नशीब!" मी मुद्दाम केलं नाही. पण बरं वाटलं का? हो, वाटलं.

१६ नोव्हेंबर

कंपनीचा फोन. काम गेलं नाही, उलट वाढलं. पाहुणा मुकाच, पण समोर बोलणारी बाई हवी. म्हणजे मी! "फक्त तुमची भाषा थोडी साफ करता आली तर बघा, ताई. सगळीकडे कळली पाहिजे."

मी म्हटलं, "नक्की. काहीच अडचण नाही."

तो दारात उभा होता. त्याने ऐकलं. ज्या नजरेने बघितलं ती मला आवडली नाही. बघू दे. तीन वर्षं मी मोबाइल धरला, आता मलाही लोक बघतील. माहेर नंतर बघू.

१९ नोव्हेंबर

आरशासमोर वाक्यं पाठ केली. "अहो पाहुणे, आपण हे काय करत आहात?" छान जमतंय. तो मागून बघतो आणि निघून जातो. जळतो मेला!

२० नोव्हेंबर

कंपनीची माणसं आली. आमच्याच घरात मोठे दिवे लावले. तो उंबऱ्याला अडखळून पडला, आणि मी म्हटलं, "अहो पाहुणे, आपण हे काय करत आहात?"

तो उठला. कपडे झटकले. माझ्याकडे बघितलंच नाही, सासूबाईंकडे वळला.

"आई, हे कोन बाई बोलून राह्यली माह्या घरात? माही सारिका कुठी गेली?"

कॅमेरा चालू होता.