डास हद्द मानत नाही

३ ऑगस्ट, सकाळी
मुद्दा साधा आहे. अंबरनाथला धूर मारला की डास नाला ओलांडून उल्हासनगरला. तिकडे मारला की परत इकडे. दोन्हीकडे एकाच वेळी फवारणी हवी. हे आजवर कुणालाच कसं सुचलं नाही? बुवापाडा आरोग्य मंचाचा अध्यक्ष या नात्याने डेंग्यू मीच संपवणार. आणि डायरी रोज लिहिणार.

९ ऑगस्ट
मधले दिवस लेटरहेडमध्ये गेले. आज पलीकडच्या दुकानदार मंडळाचे अध्यक्ष हासानंद शेठ यांच्याशी ऐतिहासिक बैठक. दाल पकवान उत्तम. मी त्यांना काचेच्या बाऊलमधला, पाण्यातला लकी बांबू भेट दिला. त्यांनीही मला अगदी तसाच दिला. मनं जुळली की असं होतं.

११ ऑगस्ट
संजीवनी म्हणते, बांबूचं पाणी बदला. सांगितलं, ही मैत्रीची खूण आहे, हात लावू नकोस. बायकोला सीमापार संबंधांतलं काही कळत नाही.

१६ ऑगस्ट
फवारणी अजून नाही. मशीन कुणी आणायचं यावर बैठक. शेठ म्हणाले, "साईं, मच्छर तो आपके साइड के हैं." मी ठणकावून सांगितलं, जन्म तिकडचा आहे. उपसमिती नेमली.
समोरची माया तापाने अॅडमिट. वाईट वाटलं. भेटायला जाणार होतो, पण बॅनरचं प्रूफ आलं.

२१ ऑगस्ट
संयुक्त पाहणी. आदर्श म्हणून सुरुवात माझ्याच घरापासून. दोन्हीकडचे मेंबर, फोटोग्राफर. आमचा सेक्रेटरी भीमराव बांबूपाशी वाकला आणि वाकूनच राहिला. बाऊलमध्ये अळ्या वळवळत होत्या. मी लगेच खुलासा केला की बाऊल उल्हासनगरचा आहे. फोटोग्राफर फोटो काढतच होता.
डोकं दुखतंय. दगदग फार झाली.

२४ ऑगस्ट
सणकून ताप. रिपोर्ट डेंग्यूचा. संजीवनीने रिपोर्ट वाचला आणि बांबूचा बाऊल उचलून पालथा ठेवला. बोलली असती तर बरं वाटलं असतं. मायाला भेटायला गेलो नाही याची आज लाज वाटली.

२५ ऑगस्ट, हॉस्पिटल
शेजारच्या बेडवर हासानंद शेठ. त्यांच्या घरीही अळ्या निघाल्या, मी दिलेल्या बाऊलमध्ये. वॉर्डात मच्छरदाणी एकच उरली होती, म्हणून नर्सने दोन्ही बेड जोडून आम्हाला तिच्यात घातलं. संयुक्त कार्यालय म्हणायला हरकत नाही.

संध्याकाळी
संजीवनी डबा ठेवून लगेच निघाली. म्हणाली, "झोपा आता. शेठाणी नाल्यापाशी थांबल्यात. आम्ही दोघी दोन्हीकडे घरोघर साठलेलं पाणी ओततोय. माया बरी झालीय, तीपण येते."
लेटरहेड हवं का, विचारलं.
नको म्हणाली.