हंगाम संपेपर्यंत कात्री नाही

१४ ऑक्टोबर १९०४

ती. रेबेकाताईस,

अ‍ॅम्ब्रोजचा शि. सा. न. वि. वि. हे पत्र धोबीखान्यातल्या बाईंच्या हाती चोरून टाकतोय, नाहीतर अधीक्षकसाहेब आधी वाचतील. आमचं कॉलेज नावापुरतंच, खरी तर सरकारी निवासी शाळा, पण फुटबॉलच्या संघाला भले भले टरकतात. तीन सामने जिंकलो!

इथे आल्या दिवशीच आपल्या सगळ्या रेड इंडियन पोरांची डोकी भादरतात. पण हा फुटबॉल म्हणजे चेंडू काखेत मारून धडकाधडकी, म्हणून खेळाडूंना टाळकं फुटू नये यासाठी केस वाढवायची मुभा आहे, गोऱ्यांच्या कॉलेजांतही तशीच पद्धत. हंगाम संपला की न्हावी हजर. मी केसांसाठीच खेळतोय गं. कानांवर आलेत. आईला सांग.

तुझा लाडका
अ‍ॅम्ब्रोज

पाइन रिज, २ नोव्हेंबर

चि. अ‍ॅम्ब्रोज,

अ. उ. आ. तुझा भादरलेला फोटो आला तेव्हा आईने हंबरडा फोडला होता. आपण लाकोटा केस कापतो ते घरचं माणूस गेल्यावर. कोण गेलं, कोण गेलं, म्हणून तिने दोन दिवस घास घेतला नाही. आता गावभर सांगत सुटलीय की पोराचे केस वाढतायत.

पाद्रीबाबा सांगत होते, या खेळात पोरं मान मोडून मरतात. वासराला भिऊन पळणारा तू, जपून खेळ. आणि मी म्हणते, हंगाम संपूच दिला नाही तर?

तुझी वाट पाहणारी
ताई

२८ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. शेवटचा सामना जिंकून आलो तर न्हाव्याची खुर्ची मांडलेली! आम्ही अकराही जण जागचे हललो नाही. डोंगरातल्या एका कॉलेजने खेळायला बोलावलंय. आमचा कप्तान हायरम साहेबांना म्हणाला की भादरलेली डोकी मैदानात उतरणार नाहीत, तुम्हीच खेळा. साहेबांना पेपरात नाव यायची हाव. त्यांनी मुकाट्याने न्हावी परत पाठवला.

पण पुढे बर्फ, सामने बंद. परत आल्यावर पहिलं डोकं माझंच, असं साहेबांनी बजावलंय. परतीची गाडी १२ डिसेंबरला दुपारी रशव्हिलला थांबते. आपल्या घोडागाडीला तिथवर यायला किती वेळ लागतो, ते तुला माहीत आहे.

अ‍ॅम्ब्रोज

पाइन रिज, १६ डिसेंबर

अधीक्षकसाहेबांस,

रेबेका टू स्टोन्स हिचा नमस्कार वि. वि. आपला खेळाडू हरवलेला नाही. सामना हरून, नाक मोडून घरी आलाय आणि मजेत जेवतोय.

त्याला परत पाठवलं नाही तर आमचं रेशन बंद होईल, अशी आपली तार मिळाली. खुशाल बंद करा. वाळवलेलं मांस आहे, रानातले कंद आहेत, आणि त्याला शिकारही येते. न्हावी पाठवायचा असेल तर तोही पाठवा. दारात त्याची गाठ माझ्या आईशी आहे.

काल तिने अ‍ॅम्ब्रोजचे केस विंचरले. वेणी व्हायला अजून दोन वर्षं लागतील म्हणाली. तोवर आमचा हंगाम चालू आहे.

आपला लोभ नसला तरी चालेल.

रेबेका टू स्टोन्स