परदेशी पेटी

उत्रोली,
१२ जानेवारी २०२४

चि. संपत यास रखमाजीचे अ. आ.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र टाकतो. कोमलकडं वेल्ह्याला जाऊन आठ दिवस झाले. लेकीच्या घरी किती राहायचं? इकडं सगळे बरे. पेंढा रचून झाला.

सव्वीस तारखेला आपलं भजनी मंडळ पुण्याला जाणार, ते ठरलं. कार्यक्रमाचं नाव ‘भारताची अस्सल संगीत परंपरा’. तू वाजवतोस ती पेटी इंग्रजांबरोबर आली, म्हणून चालणार नाही. देशाचा प्रश्न. माझ्या हातात काय होतं?

राग सोडून चार ओळी लिही.
रखमाजी

वेल्हे,
१७ जानेवारी

ती. रखमाजीदादांस संपतचा शि. सा. न. वि. वि.

कोमलनं मोबाईलवर निवडीच्या दिवशीचा तुमचा फोटो दाखवला. फेटा शोभतो. बघून मला जेवण गेलं नाही.

मृदंगवाला गेनू इथल्या बाजारात भेटला. तो म्हणाला, निवडायला आलेल्या साहेबांनी पेटीचं नावही काढलं नव्हतं. तुमीच म्हणालात, “ती इंग्रजांची हाय. आमच्या परंपरेतली न्हाई.”

आबांनी पेटी आणली तेव्हा तुमी पंधराचे, मी अकराचा. झाकण उघडायला पहिले तुमीच धावलात. मग आता परदेशी कोण, पेटी की मी?

वहिनींना नमस्कार. लोभ कमी केलात तर तेही कळवा.
संपत

उत्रोली,
२९ जानेवारी

चि. संपत, आशीर्वाद.

गेनू खरं बोलला. भजन संपलं की लोक पेटीचं कौतुक करायचे. गायलो मी, नाव तुझं. चाळीस वर्षं गिळलं. साहेबांनी विचारलं, परंपरेबाहेरचं काही वाजवता का. तोंडातून गेलं.

तिथं त्यांनी मोबाईलवर तंबोरा लावून दिला. मोबाईल कुठल्या देशाचा, कुणी विचारलं नाही. मला सूर धरता येईना. दर वेळी मी तुझ्या बोटांकडं बघून तोंड उघडतो, हे तिथं कळलं. पहिला अभंग खाली गेला, दुसरा वर. मागं झेंडा होता, म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गुरुवारच्या भजनाला ये. पेटी पुसून ठेवलीय.

वाट बघतो.
रखमाजी

वेल्हे,
२ फेब्रुवारी

ती. दादांस नमस्कार.

बुधवारच्या एसटीनं येतो. तुमची फजिती वाचून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

गुरुवारी पहिला अभंग मी म्हणणार. लोकांनी एकदा माझ्याही तोंडाकडं बघावं. पेटीवर तुमी बसा. वाजवता येत नाही, ठाऊक आहे. माझा सूर काळी दोन. ती एकच पट्टी दाबून धरा, भाता हलवत रहा.

मी थांबेपर्यंत सोडू नका.

तुमचा,
संपत