साडेदहा दिवसांचा दाखला

प्रिय दादा,

तुझं पाकीट मिळालं. आत अनुभवाचा दाखला, पगाराच्या छत्तीस पावत्या आणि 'बाबांची सही इथे' असं लिहून चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या. सही कुठे करायची ते पाच ठिकाणी दाखवलंस, बाबा कसे आहेत हे विचारायला मात्र जागा उरली नसावी. बरे आहेत. उजवा हात थरथरतो, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, तरी रोज सकाळी कारखान्यात येऊन माझ्या कामात खोट काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

पत्रात तू एवढंच कळवलंस की मार्चमध्ये व्हिसा संपतोय, आणि हा दाखला गेला नाही तर तुला सामान बांधावं लागेल. व्हिसासाठी कौशल्य तपासणाऱ्या तिथल्या त्या कार्यालयाचं मला कौतुकच वाटतं. फर्निचर बनवण्याची पदवी त्यांच्याच कॉलेजनं दिली, काळी टोपी घालून फोटो काढला. आता म्हणतात पदवी पुरत नाही, याच कामाचा पगारी अनुभव दाखवा, तास दाखवा, मालकाची सही आणा, मग कौशल्य तपासू. बसल्या जागी तास मोजायचे आणि ठरवायचं कोण सुतार आणि कोण नाही! एक फळी आणि एक करवत समोर ठेवली असती तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. पण मग तुझं कसं होणार? पदवी घेऊन तू गोदामात खोकी रचतोस, आणि ते तास त्यांच्या हिशेबात बसत नाहीत.

दाखला मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. काय भाषा आहे! 'सदर इसमाने तीन वर्षे पूर्णवेळ सुतारकाम केले.' कपाटं केली, दारं केली, हत्यारांना धार लावली, आणि हे वाचून मला ठसकाच लागला, 'एक लाकडी जिना स्वतंत्रपणे उभारला.' दातांच्या डॉक्टरांकडचा जिना ना तो? त्याच्यापायी चार महिने माझी पाठ धरली होती. तिसरी पायरी दोनदा उखडून पुन्हा बसवली, कारण बाबांना तिथे पाऊल ठेवल्यावर आवाज ऐकू यायचा, जो जगात दुसऱ्या कुणालाच येत नव्हता. त्या जिन्याशी तुझा संबंध इतकाच की एकदा सुजलेला गाल धरून तू तो चढला होतास.

आठवतं ना, अठराव्या वर्षी बाबांनी तुला कारखान्यात उभं केलं होतं? भुशानं शिंका येतात म्हणालास, मित्र हसतात म्हणालास, आणि अकराव्या दिवशी, आयुष्यभर भुसा झाडायला मी जन्मलो नाही, असं ऐकवून चालता झालास. बाराव्या दिवशी तुझ्या बाकड्यापाशी मी उभी राहिले. ये म्हणून कुणी सांगितलं नाही आणि जा म्हणूनही नाही. पाहुण्यांना बाबा कितीतरी वर्षं सांगायचे, मुलगा परदेशी शिकतो आणि मुलगी जरा हाताखाली मदत करते. जरा! मी ऐकायचे आणि फळी तासत राहायचे. आणि ज्या धंद्याची तुला लाज वाटत होती, तोच तिथल्या सरकारच्या, माणसं कमी पडतात अशा कामांच्या यादीत दिसल्यावर तुला एकदम लाकडाचा लळा लागला.

पाकिटातला फोटोही पाहिला. गेल्या खेपेला आठवण म्हणून काढून घेतलास तोच. अंगात माझा अ‍ॅप्रन, समोर माझं अर्धवट दार, आणि चेहरा असा की जन्म याच खोलीत गेलाय. फक्त रंधा बाकड्यावर सपाट ठेवलायस, पातं खाली. पहिल्या दिवशीचा पहिला धडा, रंधा ठेवायचा तो कुशीवर, नाहीतर धार जाते. तुझे तास मोजणाऱ्यांत एखाद्यानं आयुष्यात एक स्टूल जरी केलं असेल, तरी तो फोटो बघून फाइल मिटेल. बाबांनी तो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला. पातं खराब झालं असेल, एवढंच म्हणाले.

आणि मग त्यांनी पेन मागितलं. ज्या माणसानं लाकडातल्या एका गाठीला बारीक चीर दिसली म्हणून गिऱ्हाइकाच्या घरून टेबल परत आणलं, तो माणूस तुझ्यासाठी जुन्या वर्तमानपत्रावर सहीचा सराव करायला बसला. अक्षर थरथरत होतं. शेवटी पोटचा पोर आहे, म्हणाले. मी पेन काढून घेतलं. तुझा राग येत नाही, कीव येते, असं मी लिहिणार होते. पण ते खोटं आहे. राग येतो, दादा, फार येतो. त्या वर्तमानपत्राकडे बघून तर जास्तच.

आता पत्राचं कारण. बाबांची सही तुझ्या कामाची नाही. गेल्या वर्षी कारखान्याची सगळी कागदपत्रं माझ्या नावावर झाली. तू विचारलं नाहीस, म्हणून कुणी सांगितलं नाही. मालकाची सही हवी तर ती माझी, आणि चौकशीचा फोन आला तर तोही मलाच घ्यायचा. माझी तीन वर्षं तुझी होती, असं माझ्याच तोंडानं सांगायचं! ते होणार नाही. लाकूड चिकटवायचा सरस ज्या शेगडीवर तापवतो, तिच्यात तुझ्या पावत्या गेल्या. दाखला मी नव्यानं लिहिलाय, सहीशिक्क्यासह सोबत जोडलाय. काम : फळ्या उचलणे, भुसा झाडणे. काम सोडण्याचे कारण : शिंका. कालावधी मी अकरा दिवस लिहिला होता, पण बाबांनी खोडायला लावला. शेवटच्या दिवशी तू जेवणाच्या सुट्टीत गेलास तो परतलाच नाहीस, म्हणून साडेदहा. दाखला खरा असला पाहिजे, म्हणाले. मार्चमध्ये आलास तर बाकडं आहे, पगार मिळेल, आणि दोन वर्षं खरोखर राबलास तर दोन वर्षांची सही मी डोळे मिटून करीन. मग खुशाल जा. तू येशील असं मला वाटत नाही. पण बाबा सकाळपासून तुझ्या त्या फोटोतल्या रंध्याला धार लावत बसलेत, आणि हात थरथरतो तरी मला हात लावू देत नाहीत.

तुझीच,
पाचर
(हे नाव तूच ठेवलं होतंस, मी सगळीकडे मध्ये घुसते म्हणून)