उशिरा केलेली सही

तिरला, जि. धार
१५ एप्रिल २०२४

प्रिय सुमंगलाताई,

जय ख्रिस्त. तू फोन उचलत नाहीस, मेसेजही उघडत नाहीस, म्हणून कागद काढला. आम्ही सगळे बरे आहोत. ऊन मजबूत आहे. तुझा खांदा कसा आहे?

राजवीर ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी इथे पोचला, त्याला आज दोन आठवडे झाले. तो पळून आलेला नाही आणि मी त्याला पळवूनही आणलेलं नाही, हे आधी लिहून टाकतो. तेवीस वर्षांचा घोडा आहे, तुला सांगून बसमध्ये बसला. तू दार लावून घेतलंस, तेही त्यानं सांगितलं.

आमच्याकडे याला 'या आणि पाहा' म्हणतात. देव आपल्याला बोलावतो आहे असं ज्याला वाटतं त्यानं तीन महिने येऊन राहायचं, आमच्याबरोबर पाचला उठायचं, प्रार्थना करायची, काम करायचं. त्यानं आम्हाला बघायचं, आम्ही त्याला. पाचारण आहे की नुसता घरचा कंटाळा, ते तेवढ्यात कळतं. बहुतेकांचा कंटाळाच निघतो आणि ते महिन्याभरात घरी जातात. तेव्हा जीव टांगणीला लावू नकोस.

तो काय करतो ते लिहितो. सकाळच्या प्रार्थनेत डुलक्या घेतो. मीही घ्यायचो. मग दिवसभर वर्कशॉपमध्ये असतो. शेतकरी जळालेल्या मोटारी घेऊन येतात, त्यांचं वाइंडिंग आम्ही करून देतो, हे तुला ठाऊक आहे. कंपनीत असताना हा फक्त बटणं दाबायचा म्हणे; इथे आठ दिवसांत तांब्याची तार गुंडाळायला शिकला. स्वयंपाकाची जमुनाबाई त्याला पानांत भाजलेले मक्याचे पानिये करून घालते. मला एकोणतीस वर्षांत तिनं इतक्या आग्रहानं कधी वाढलं नाही. आमचे केरळचे म्हातारे ब्रदर ठार बहिरे आहेत, त्यांच्याशीही तो तासन् तास बोलतो. काय बोलतो, देव जाणे.

परवा गिऱ्हाइकानं त्याला नेहमीचा प्रश्न विचारला, "भिया, फादर कब बनोगे?" आम्ही ब्रदर आहोत, मिस्सा करत नाही, लग्नं लावत नाही, हातानं काम करतो आणि एकत्र राहतो, हे इथल्या लोकांना अजून पटलेलं नाही. त्यांना वाटतं, आम्ही परीक्षेत नापास झालेले फादर आहोत. राजवीर त्याला म्हणाला, "फादर नहीं बनना. ये ही बनना है." आणि पाना उचलून कामाला लागला. ऐकून मला बरं वाटलं. तुला वाटणार नाही, तरी लिहितो.

आता कामाचं. तीन महिन्यांनंतर पुढे घ्यायचं तर घरचं पत्र लागतं. तो एकुलता आणि दाजी गेल्यापासून तू एकटी, म्हणून ते तुझ्याच हातचं हवं. शिवाय आमच्यातल्या कुणीतरी तुझ्या घरी येऊन, ते पत्र तुझ्यापुढे ठेवून, तोंडी विचारायचं असतं. कागदावर काय, कुणीही लिहितं.

तू शेवटच्या फोनवर म्हणालीस, "एकदा या हातानं लिहिलं, त्याची फेड अजून चालू आहे. आता हात उचलणार नाही." मी त्यावर काही बोललो नाही. आताही बोलत नाही. नाही लिहिलंस तर तो घरी येईल, इतकं सरळ आहे.

औषधं वेळेवर घे.

तुझा भाऊ,
ब्र. प्रभाकर


तिरला
१ मे २०२४

प्रिय ताई,

आज संत योसेफ कामगाराचा सण, म्हणून वर्कशॉप बंद आहे. मिस्सेला धारहून फादर आले होते. जमुनाबाईनं तुपात बुडवलेले बाफले केले. राजवीरनं अकरा खाल्ले, मी मोजले.

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

इकडची बातमी म्हणजे, दहा जूनला आमचे प्रोव्हिन्शियल, म्हणजे सगळ्या घरांचे वरिष्ठ, येणार आहेत. या घराचं काय करायचं ते ठरेल. आम्ही तिघे उरलो: एक बहिरा, एक रोज इन्सुलिन घेणारा, आणि मी. सहा वर्षांत इथे एकही नवा मुलगा टिकलेला नाही. तेवढा एक जरी पुढे जाणार असेल तर घर चालू राहील, असं त्यांनी पत्रात सूचित केलं आहे. नाही तर आम्हाला तीन दिशांना पाठवतील आणि वर्कशॉपला कुलूप.

हे तुझ्यावर दडपण आणायला लिहीत नाही. सहज लिहिलं.

राजवीरची फाइल पुरी झाली. धर्मग्रामाच्या फादरांचा दाखला, बाप्तिस्म्याचा दाखला, आयटीआयचं सर्टिफिकेट, सगळे कागद आले.

तू सध्या काही लिहितेस का? म्हणजे खांद्यामुळे लिहायला त्रास होतो का, एवढंच विचारायचं होतं. देवासला पाणी एक दिवसाआड येतं असं ऐकलं. टाकी भरून ठेवत जा.

तुझा भाऊ,
प्रभाकर


तिरला
१२ मे २०२४, रविवार

प्रिय ताई,

हे पत्र राजवीर स्वतः घेऊन येतो आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. हिंदी शाळेत शिकलेलं पोर, माझं मराठी हस्ताक्षर लागायला त्याला अर्धा दिवस हवा, आणि धारहून देवासला पोचायला तेवढा वेळ लागत नाही. त्याच्यावर ओरडू नकोस. आधी त्याला जेवायला घाल, मग हे वाच.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मागच्या पत्रात सगळे कागद आले असं लिहिलं. त्यात तुझंही पत्र होतं. एकोणतीस एप्रिलला त्यानं माझ्या हातात दिलं, देवासच्या मित्राबरोबर आईनं पाठवलं म्हणाला. सोबत ठेवलं आहे, बघ. चार ओळी आहेत. मुलाच्या निर्णयाला माझा आशीर्वाद आहे, वगैरे. त्यात तू मला 'पूज्य ब्रदर' म्हटलं आहेस. ताई, तू मला उभ्या जन्मात पूज्य म्हणशील? आणि तुझं अक्षर मी ओळखणार नाही?

पहिली ओळ वाचतानाच मला कळलं होतं. तरी मी ते फाइलला लावलं. अकरा दिवस ते तिथे होतं आणि मी रोज त्या कपाटासमोरून प्रार्थनेला जात होतो. मी स्वतःला सांगत होतो, मुलगा चांगला आहे, खरंच चांगला आहे, मग एका कागदाचं काय घेऊन बसायचं? पण खरं सांगायचं तर मला त्याच्या पाचारणाची पडली नव्हती. मला हे घर बंद होऊ द्यायचं नव्हतं. या वयात दुसऱ्या गावात, दुसऱ्यांच्या ताटात जेवायला मला जायचं नव्हतं. त्यासाठी मी तुझा मुलगा घ्यायला निघालो होतो. मला माझी लाज वाटते.

परवा त्याला वर्कशॉपमध्ये बसवलं आणि पत्र पुढे ठेवलं. त्यानं नाकारलं नाही. एवढंच म्हणाला, "आईनंही आजोबांचं लिहिलं होतं ना, मामा? तिनं केलं ते पुण्य, मी केलं ते पाप?"

तू त्याला ते सांगितलं आहेस हे मला माहीत नव्हतं. मग त्यानं बाकीचंही सांगितलं. दर वर्षी दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, तू बाबांच्या कबरीवर मेणबत्ती लावतेस आणि दर वर्षी त्यांची माफी मागतेस. तो म्हणाला, लहानपणापासून ऐकतोय, "बाबा, मी तुम्हाला फसवलं." ते ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. म्हणून हे पत्र.

पंचाण्णव साल आठव. बाबा म्हणाले, एकुलता एक मुलगा देवाला द्यायला मी काय अब्राहाम आहे? आणि त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. प्रेसमधल्या नोकरीचे त्यांचे रजेचे अर्ज तूच लिहायचीस, त्यांचं अक्षर तुझ्या हातात बसलेलं, सही तेवढी नाही. मी तुझ्यामागे आठवडाभर लागलो. तू क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, पोळपाट उलटा घालून त्यावर कागद ठेवलास आणि त्यांच्या नावानं चार ओळी लिहून दिल्यास. खाली बळवंतराव अशी सही केलीस. त्याच पत्रावर मी इथे आलो. मग त्यांना लकवा झाला, दोन वर्षं तू त्यांचं सगळं केलंस, तुझं लग्न लांबलं. अठ्ठ्याण्णवमध्ये ते गेले.

आता तुला ठाऊक नसलेलं सांगतो. सहा वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

आमचे ब्रदर फत्तेसिंग तुला आठवतात. तू लिहिलेलं पत्र घेऊन देवासला घरी विचारायला तेच गेले होते. तू शाळेत शिकवायला गेली होतीस, घरी बाबा एकटे. फत्तेसिंग माझ्याशी या भेटीबद्दल कधी बोलले नाहीत. दोन हजार अठराला अखेरच्या आजारात मी त्यांच्या उशाशी बसायचो, तेव्हा बोलले. त्यांनी पत्र बाबांपुढे ठेवलं. बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. फत्तेसिंगांनी विचारलं, हे अक्षर तुमचंच का? बाबा म्हणाले, "माझंच आहे. त्याला घेऊन जा."

मग भेटीच्या वहीत सही करायची होती ती त्यांनी केली. ती पत्रातल्या सहीसारखी अजिबात नव्हती. फत्तेसिंगांना तिथेच कळलं. मी विचारलं, मग तुम्ही मला परत का नाही पाठवलं? ते हसले. म्हणाले, "झूठ काहे का, भिया? बाप ने देर से साइन किया, बस."

म्हणजे तू बाबांना फसवलं नव्हतंस, ताई. त्यांना माहीत होतं. त्यांनी तुझं लिहिलेलं वाचलं आणि आपलं म्हणून घेतलं. त्यांनी तुला हे का सांगितलं नाही, ते मला सांगता येत नाही. तू कबूल करशील म्हणून ते थांबले असतील, आणि ते विचारतील म्हणून तू. दोघंही हट्टी.

पण मी का नाही सांगितलं, ते मला सांगता येतं. लकव्यानं बाबा शेवटाला आले, तेव्हा माझं नोव्हिशिएटचं, म्हणजे व्रतांआधीच्या तयारीचं वर्ष सरदारपुरला चालू होतं. मी तुला लिहिलं होतं की वरिष्ठांनी सोडलं नाही. ते खोटं आहे. फत्तेसिंगांनी मला चार दिवस दिले होते, भाडं दिलं होतं. मी इंदूरपर्यंत आलो. सरवटे स्टँडवर देवासची बस समोर लागली होती. कंडक्टर देवास देवास ओरडत होता. मी बाकावर बसून राहिलो. एक बस गेली, दुसरी गेली. मला वाटलं, ज्यांच्या संमतीशिवाय मी निघून आलो, त्यांच्यापुढे कोणत्या तोंडानं उभा राहू? ते तोंड फिरवतील. संध्याकाळी मी सरदारपुरच्या गाडीत बसलो. तिसऱ्या दिवशी तुझी तार आली.

ही समजूत मी वीस वर्षं उशाला घेऊन झोपलो: बाबांनी मला नाकारलं होतं, म्हणून मी गेलो नाही. फत्तेसिंगांनी ती काढून घेतली. बाबांनी तर मला जाऊ दिलं होतं. ते माझी वाटच बघत असणार. मग माझ्या न येण्याला माझ्याखेरीज कुणीच जबाबदार उरत नाही. तुला सांगितलं असतं तर तू मोकळी झाली असतीस आणि मी उघडा पडलो असतो. म्हणून मी गप्प राहिलो, आणि तू दर नोव्हेंबरला माफी मागत राहिलीस. तुझ्या मुलानं चार ओळी खोट्या लिहिल्या. मी सहा वर्षं काहीच लिहिलं नाही. दोघांत मोठा लबाड कोण, ते तूच ठरव.

राजवीरबद्दल माझं मत विचारशील तर, त्याला पाचारण आहे असं मला वाटतं. पण माझ्या मताला आता किंमत नाही, आणि ते मी प्रोव्हिन्शियलना कळवलं आहे. का, तेही कळवलं.

येत्या रविवारी मिस्सेनंतर मी निघेन. या वेळी बसमध्ये बसणार आहे. दुपारपर्यंत तुझ्या दारात येईन. नियमानं कुणीतरी यायचं असतं, आणि प्रवास झेपेल असं दुसरं कुणी इथे उरलेलं नाही. सोबतचं पत्र तुझ्यापाशी ठेव. फत्तेसिंगांनी बाबांना विचारलं तेच मी तुला विचारीन. नाही म्हणालीस तर मी ते तुझ्यासमोर फाडीन, राजवीर तुझ्याजवळ राहील, आणि या घराला कुलूप लागलं तर लागू दे. हो म्हणालीस, तर मी पुढे एक शब्द विचारणार नाही. मी तुला मनवायला येत नाही. चहा दिलास तर पिईन.

त्याआधी एक काम आहे. नोव्हेंबरपर्यंत थांबायला नको. स्टँडवरून मी सरळ कब्रस्तानात जाईन, तूही ये. मेणबत्ती तू लाव. माफी मात्र या वेळी मी मागेन. तू माफी मागावीस असं काही नव्हतंच.

तुझ्या चार ओळींवर एकोणतीस वर्षं जगलेला,
तुझा चिंटू