कुंडाखालची माती

प्रिय हेस्टर,

मेंढ्यांची कातरणी उरकली. माझी तब्येत बरी आहे. गुडघा तेवढा कुरकुरतो, पण तो पूर्वीही कुरकुरायचाच.

चर्चमध्ये मात्र सगळं उखणून ठेवलंय. फरशीखाली गरम पाण्याचे नळ टाकायचे म्हणून मागच्या आठवड्यात बाप्तिस्म्याचं दगडी कुंड साखळ्या लावून उचललं. तुम्हा दोघा भावंडांचा बाप्तिस्मा झाला तेच. गाइल्सने तेव्हा चर्च डोक्यावर घेतलं होतं, आणि तू हूं की चूं केलं नाहीस. बाळ रडलं की सैतान बाहेर पडला असं मानायचे, म्हणून डॉर्कस पिम तुझ्या आईला म्हणाली होती, "चिमटा काढ गं तिला, सैतान अजून आतच बसलाय."

त्या कुंडाच्या तळाला भोक आहे. बाप्तिस्मा झाला की बूच काढायचं, मग पाणी खालच्या पोकळ खांबातून सरळ मातीत जिरतं. पवित्र पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही, अशी जुनी रीत. त्या भोकाच्या बरोबर खाली, हातभर खोल, एक तान्हं बाळ निघालं. म्हणजे हाडं. तपासायला आलेली मुलगी म्हणाली, चारशे वर्षांहून जुनं असावं, आणि बहुधा मेलेलंच जन्मलेलं. अशा मुलांना तेव्हा चर्चच्या आवारातही जागा मिळत नसे. कुणीतरी फरशी उचलून ते चोरून ठेवलं असणार, गावातल्या दुसऱ्या पोरांचं पाणी तरी त्याच्यावर पडावं म्हणून. तिने हे अगदी सहज सांगितलं. मी बाहेर जाऊन जरा वेळ उभा राहिलो.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. आजोबा सांगायचे ते तुला आठवत असेल. राजाचा शिरच्छेद झाला त्या काळात मूर्ती न मानणाऱ्या कट्टर लोकांनी कुंडावर कोरलेल्या संतांची तोंडं फोडली आणि कुंड बाहेर फेकलं. आपल्या पूर्वजाने ते गाडीत घालून घरी आणलं, आणि पुढे दोनशे वर्षं आपली डुकरं त्यातून पाणी प्यायली. मग कुणाला तरी लाज वाटली, ते परत दिलं आणि जुन्याच जागी बसवलं. नाताळच्या जेवणावर आपण या गोष्टीला किती हसलोय. पण ती दोनशे वर्षं त्या बाळावर थेंबसुद्धा पडला नाही, हेस्टर. कुणा आईबापाने एवढा जीव मुठीत धरून केलेली सोय, आणि आपल्या घरात तिच्यावर डुकरं पोसली.

गुरुवारी समितीची बैठक झाली. क्लेमंट थर्लोचं म्हणणं, ओलीने नवी फरशी उचकटेल, तेव्हा कुंडाचं भोक सांडपाण्याच्या पाइपाला जोडावं, आणि हाडं नव्या दफनभूमीत न्यावीत. "पाणी ते पाणी. पोराचं डोकं भिजलं म्हणजे झालं!" मी आजवर त्या बैठकीत चहा घ्या म्हणण्यापलीकडे काही बोललेलो नाही. पण उठलो. म्हणालो, "ते बाळ तिथेच राहू द्या. पाणीही त्याच्याकडेच जाऊ द्या." क्लेमंट म्हणाला, "वॉल्टर, आधी तुझ्या डुकरांना विचारून ये." सगळे हसले. तेवढ्यात डॉर्कस तिच्या खुर्चीतून ओरडली, "तुलाही त्याच पाइपातून सोडू हो, क्लेमंट, खड्डा खणायचे कष्ट वाचतील!"

पाळक फिलिपाबाईंनी माझं म्हणणं पटणाऱ्यांना हात वर करायला सांगितले. सगळ्यांचे झाले. क्लेमंटचाही झाला, जरा उशिरा, बुटांकडे बघत. नंतर दारात त्याने माझा कोट हातात दिला आणि उगाच माझी कॉलर नीट केली. त्याला माहीत आहे. गावात सगळ्यांनाच माहीत आहे, विचारत कुणी नाही.

मार्चमध्ये हॉस्पिटलातल्या पाळकांनी तुझ्या लेकीसाठी प्रार्थना म्हटली, पण पाणी लावता येत नाही म्हणाले. श्वासच घेतला नाही, तर बाप्तिस्मा होत नाही. तू भिंतीकडे तोंड केलंस. नंतर तिच्या राखेची ती छोटी पेटी आली तेव्हा म्हणालीस, "बाबा, तुम्ही घेऊन जा, मला बघवत नाही." ती कुठे ठेवली हे तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात आहे, टॉवेलांच्या वरच्या फळीवर. घरातली सगळ्यात उबदार जागा तीच.

येत्या शनिवारी सकाळी ते बाळ परत ठेवणार आहेत. त्याच्या शेजारी आपल्या पेटीपुरती जागा आहे. फिलिपाबाईंनी वरून परवानगी आणलीय, तुझं मन असेल तरच. आणखी एक, जे तुला सांगायचा गाइल्सला धीर होत नाही. पुढच्या रविवारी त्याच्या मुलाचा बाप्तिस्मा आहे. म्हणजे खाली उतरणारं पहिलं पाणी त्याचं असेल. हे तुला सोसणार नसेल, तर नुसतं 'नको' लिही. मी कपाट उघडणार नाही आणि पुन्हा विषयही काढणार नाही. चालणार असेल, तरी तू यायलाच हवं असं नाही, मी आहे. फक्त तिला हाक काय मारायची ते कळव. फिलिपाबाईंनी विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही.

तुझाच,
बाबा